नुसते ‘आय ७’ छापून भागत नाही

माननीय संपादक,

स.न.वि.वि.

शाळा-कॉलेजे सुरू होताना आणि पुन्हा दिवाळीच्या तोंडावर रिफर्बिश्ड, म्हणजे जुने दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेल्या, संगणकांच्या जाहिराती वर्तमानपत्रांत वाढतात. ‘आय ७, ८ जीबी रॅम, २५६ एसएसडी, वॉरंटीसह’ एवढ्या एका ओळीत व्यवहार उरकलेला असतो. प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक त्यात नसतो, मदरबोर्डचा, म्हणजे सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य बोर्डाचा, उल्लेख तर नसतोच. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत प्रत्यक्ष गेले तरी तीच तऱ्हा. एका बॉक्सवर ‘आय ७’ची चिठ्ठी, शेजारच्यावर ‘आय ५’ची. घेणारा सात हा पाचापेक्षा मोठा म्हणून पहिल्याकडे वळतो, आणि बऱ्याचदा दोन वर्षे जुनी वस्तू जास्त पैसे देऊन घरी नेतो.

कंपन्यांनी काढून टाकलेल्या यंत्रांत मुबलक सापडणारे दोन प्रोसेसर घेऊन हे नीट मांडता येते: आय ७-२६०० आणि आय ५-४५७०. पहिला जानेवारी २०११ चा, इंटेलच्या सँडी ब्रिज म्हणजे दुसऱ्या जनरेशनचा, ३२ नॅनोमीटरवर घडवलेला. दुसरा जून २०१३ चा, हॅस्वेल म्हणजे चौथ्या जनरेशनचा, २२ नॅनोमीटरचा. कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे गाभे, दोघांतही चारच. आय ७ मध्ये हायपर-थ्रेडिंग असल्यामुळे विंडोजला आठ थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या आठ रांगा, दिसतात, आय ५ मध्ये चार. आय ७ चा मूळ वेग ३.४ गिगाहर्ट्झ, टर्बोत, म्हणजे गरजेपुरता वाढतो तेव्हा, ३.८ पर्यंत. आय ५ चा ३.२ आणि ३.६. कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली छोटी वेगवान मेमरी, ८ एमबी विरुद्ध ६ एमबी. नव्याने आले तेव्हा इंटेलच्या यादीत आय ७ चा दर २९४ डॉलर होता, आय ५ चा १९२.

वेग, थ्रेड, कॅश हा कागदावरचा प्रत्येक आकडा आय ७ च्या बाजूने आहे. तरीही वर्ड, एक्सेल, ब्राउझर, टॅली यांसारख्या रोजच्या कामात आय ५-४५७० चपळ वाटतो. गिगाहर्ट्झचा आकडा एका सेकंदात किती ठोके पडतात तेवढेच सांगतो, एका ठोक्यात किती काम उरकते ते सांगत नाही. सँडी ब्रिजच्या कोअरला काम पुढे पाठवायला सहा पोर्ट (आतल्या वाटा) होते, हॅस्वेलला आठ. पुढे कोणती सूचना लागणार याचा अंदाज हॅस्वेल जास्त अचूक बांधतो आणि त्याच्या पहिल्या पातळीच्या कॅशमधून एका ठोक्यात दुप्पट माहिती वाहते. त्यामुळे ०.२ गिगाहर्ट्झने मागे असूनही एका कोअरवर चालणाऱ्या कामात तो साधारण दहा ते पंधरा टक्के पुढे राहतो. पान उघडणे, एक्सेलमध्ये सूत्र लावणे, मराठी डीटीपी करणाऱ्यांची पेजमेकर आणि कोरलड्रॉमधली बरीच कामे, ही सगळी मुख्यतः एका कोअरच्या जिवावर चालतात. पेजमेकर तर चार कोअरचा जमाना येण्याआधीचा. आठ थ्रेड दिले तरी त्याला त्यांचे काही करता येत नाही.

मग आय ७ चे आठ थ्रेड कुठे कामी येतात? हायपर-थ्रेडिंग म्हणजे एकाच आचाऱ्याने दोन शेगड्या सांभाळण्यासारखे आहे. एकीवर पाणी उकळेपर्यंत दुसरीवर फोडणी होते, पण हात दोनच. एक थ्रेड मेमरीची वाट पाहत थांबला की कोअरमधले रिकामे भाग दुसरा थ्रेड वापरतो. त्यातून वीस-तीस टक्के जास्त काम निघते, दुप्पट नाही. हा फायदाही काम मुळात आठ तुकड्यांत वाटले जात असेल तरच. हँडब्रेकमध्ये एक्स २६४ ने व्हिडिओ लहान करणे, ७-झिपने मोठी फोल्डरे बांधणे-सोडणे, थ्रीडी चित्राचे रेंडरिंग, एकाच यंत्रावर दोन-तीन व्हर्च्युअल मशीन (आभासी संगणक) चालवणे अशा कामांत आय ७-२६०० आजही दहा ते वीस टक्के पुढे असतो. लग्नाचे व्हिडिओ रात्रभर एक्स्पोर्टला लावणाऱ्या स्टुडिओला तो घेण्यात अर्थ आहे. बिले छापणाऱ्या दुकानाला नाही.

ही आघाडीही सगळीकडे टिकत नाही. हॅस्वेलमध्ये एव्हीएक्स २ आणि एफएमए हे सूचनासंच, म्हणजे प्रोसेसरला समजणाऱ्या आज्ञांचे गट, आले. सँडी ब्रिजकडे फक्त पहिले एव्हीएक्स आहे. एका सूचनेत जास्त आकडे हाताळायची सोय एव्हीएक्स २ मुळे पूर्णांकांनाही मिळाली, म्हणून एक्स २६५ सारखी ती वापरणारी सॉफ्टवेअरे आय ५ वर वेग पकडतात आणि आय ७ ची वरची टक्केवारी आटत जाते. काही ठिकाणी तर प्रश्न वेगाचा राहतच नाही. एव्हीएक्स २ नसेल तर सॉफ्टवेअर सुरूच होत नाही. घरच्या यंत्रावर भाषा-मॉडेल चालवणारे एलएम स्टुडिओ हे त्यातले एक. सर्व्हरसाठीच्या रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या दहाव्या आवृत्तीने किमान पातळी हॅस्वेलची धरली आहे. ती आय ५-४५७० वर बसते, आय ७-२६०० वर नाही. नववी आवृत्ती दोन्हींवर चालते. सर्व्हर शिकणाऱ्या मुलांनी जुना पीसी घेताना एवढी एक गोष्ट जरूर तपासावी.

ग्राफिक्समध्ये तर तुलनाच होत नाही. आय ७-२६०० मधल्या एचडी २००० या ग्राफिक्स भागाला सहा एक्झिक्युशन युनिट (चित्राचे गणित करणारे भाग) आहेत, आय ५-४५७० मधल्या एचडी ४६०० ला वीस. गेम आणि चित्रांची सॉफ्टवेअरे ग्राफिक्सशी डायरेक्टएक्स किंवा ओपनजीएल यांच्यामार्फत बोलतात; एचडी २००० डायरेक्टएक्स १०.१ वर थांबतो आणि विंडोजमध्ये ओपनजीएल ३.१ पर्यंतच जातो. विंडोज १० साठी इंटेलने त्याचा वेगळा ड्रायव्हर काढलाच नाही. विंडोज अपडेटमधून येतो तो जुनाच. परिणामी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या २.८ आणि पुढच्या आवृत्त्यांना किमान लागणारे ओपनजीएल ३.३ त्याच्याकडे नसते. माइनक्राफ्टच्या १.१७ पासूनच्या जावा आवृत्त्याही विंडोजमध्ये अडतात, कारण त्यांना किमान ३.२ लागते. मुलाने ‘आय ७ आहे तरी गेम उघडत नाही’ म्हटले की दुकानदार रॅम वाढवायला सांगतो. रॅमचा इथे संबंध नाही. गंमत अशी की त्याच यंत्रावर लिनक्स टाकले तर मेसा ड्रायव्हरमुळे ओपनजीएल ३.३ मिळते.

मॉनिटर मोठा असेल तर आणखी एक अडचण. एचडी २००० एचडीएमआयवरून १९२० बाय १२०० च्या पुढे जात नाही. एचडी ४६०० डिस्प्लेपोर्टवरून ४के चित्र ६० हर्ट्झने दाखवू शकतो. यूट्यूबच्या बाबतीत मात्र दोघेही म्हातारेच. एच.२६४ व्हिडिओ दोन्हींच्या ग्राफिक्समध्ये हार्डवेअरवर उलगडतो, पण यूट्यूब हल्ली व्हीपी ९ आणि एव्ही १ हे नवे व्हिडिओ प्रकार पाठवते आणि त्यांचा सगळा किंवा बराचसा भार प्रोसेसरवर येतो. १०८०पी पर्यंत दोघेही निभावून नेतात. ४के लावले की पंखा ओरडतो आणि चित्र अडखळते. ब्राउझरमध्ये एच.२६४ सक्तीने मागणारे एक्स्टेंशन टाकले की हा ताण उतरतो, मात्र मग दर्जा १०८०पी वर थांबतो.

‘त्यात ग्राफिक्स कार्ड टाकू’ असे उत्तर मिळते. टाकता येते. जीटी १०३० या कार्डाला वेगळी पॉवरची वायर लागत नाही, ते ३० वॅटच्या आसपास खाते आणि व्हीपी ९ हार्डवेअरवर उलगडते. जीडीडीआर ५ मेमरीचेच घ्यावे. त्याच नावाचे डीडीआर ४ चे कार्ड बरेच मंद आहे. स्लिम कॅबिनेटला आखूड पट्टी असलेले लो-प्रोफाइल कार्ड लागते. २०११ च्या काही बोर्डांवर काही नवी कार्डे यूईएफआय, म्हणजे यंत्र सुरू करणारा नव्या पद्धतीचा मूळ प्रोग्राम, नसल्यामुळे चित्रच देत नाहीत, म्हणून पैसे देण्यापूर्वी त्याच यंत्रावर लावून पाहावे. पण हा खर्च धरला की आय ७-२६०० स्वस्तात मिळाला असे म्हणायला जागा उरत नाही.

प्रोसेसरइतकाच, किंबहुना जास्त फरक मदरबोर्डमुळे पडतो, आणि जाहिरातीत तो कधीच सांगितलेला नसतो. आय ७-२६०० एलजीए ११५५ सॉकेटमध्ये बसतो, आय ५-४५७० एलजीए ११५० मध्ये. नाव जवळचे असले तरी खाचा वेगळ्या आहेत, एकाचा प्रोसेसर दुसऱ्यात बसत नाही. सँडी ब्रिजसोबत आलेल्या सहाव्या मालिकेच्या चिपसेटमध्ये, म्हणजे बोर्डावरच्या जोडण्या सांभाळणाऱ्या चिपमध्ये, यूएसबी ३ मुळातच नाही. काही बोर्डांवर वेगळी चिप लावून ते दिलेले असते, ऑफिसच्या बॉक्सांत बहुधा नसते. आठव्या मालिकेत ते चिपसेटमध्येच आहे. पेन ड्राइव्ह किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर रोज बॅकअप घेणाऱ्याला हा एकच फरक पुरे.

साटाचे, म्हणजे डिस्क जोडायच्या वाटेचेही तसेच. एच ६१ चिपसेटवर सगळे पोर्ट ३ गिगाबिटचे, म्हणजे एसएसडी कितीही चांगली असली तरी सेकंदाला २७०-२८० एमबीच्या आसपास अडते. क्यू ६५ वर ६ गिगाबिटचा एक पोर्ट, क्यू ६७ वर दोन. चौथ्या जनरेशनच्या एच ८१ वरही दोन आहेत, बी ८५ वर चार, क्यू ८७ वर सहापर्यंत. बॉक्सच्या नावावरून हे ओळखता येते. डेल ऑप्टिप्लेक्स ३९० म्हणजे एच ६१, ७९० म्हणजे क्यू ६५, ९९० म्हणजे क्यू ६७, ३०२० म्हणजे एच ८१, ९०२० म्हणजे क्यू ८७. एचपीचा ८२०० एलिट क्यू ६७ वर आहे, एलिटडेस्क ८०० जी १ क्यू ८७ वर. रोजच्या कामात ३ आणि ६ गिगाबिटमधला फरक फारसा जाणवत नाही हेही खरे. छोट्या फायली शोधण्या-उघडण्यात एसएसडी दोन्हीकडे झटपटच वाटते. मोठ्या व्हिडिओ फायली हलवताना तो कळतो.

सहाव्या मालिकेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विकणारे सांगत नाहीत, कित्येकांना ती माहीतही नसावी. ३१ जानेवारी २०११ रोजी इंटेलने या चिपसेटमध्ये दोष असल्याचे जाहीर केले आणि दुरुस्ती व बदली यांचा खर्च ७० कोटी डॉलरच्या घरात जाईल असा अंदाज दिला. बी २ या स्टेपिंगच्या (घडणीच्या) चिपमध्ये ३ गिगाबिटचे साटा पोर्ट (क्रमांक २ ते ५) काळाने कमजोर होतात. ६ गिगाबिटचे ० आणि १ हे पोर्ट मात्र ठीक राहतात. सुधारलेली चिप बी ३. सुरुवातीची यंत्रे मोठ्या प्रमाणात परत घेतली गेली, तरी जुन्या बाजारात एखादे बी २ सापडू शकते. हार्ड डिस्क अधूनमधून गायब होणे, कॉपी करताना चुका येणे ही लक्षणे. केबल बदलूनही तसेच राहिले तर डिस्क ० किंवा १ वर लावून पाहावी. एसएसडी तर मुळातच ० वर लावावी.

रॅमची मर्यादा दोन्ही प्रोसेसरना ३२ जीबी, पण एच ६१ आणि एच ८१ वर दोनच स्लॉट असल्याने ती १६ जीबीवर येते. आय ७-२६०० अधिकृतपणे डीडीआर ३-१३३३ घेतो, आय ५-४५७० डीडीआर ३-१६००. विक्रेते बहुधा ८ जीबीची एकच पट्टी टाकतात, कारण ती स्वस्त पडते आणि ‘एक स्लॉट मोकळा आहे’ असे सांगता येते. एका पट्टीने मेमरीचा अर्धाच रस्ता वापरला जातो. त्याचा फटका बोर्डावरच्या ग्राफिक्सला सगळ्यात जास्त बसतो, आणि ४-४ च्या दोन पट्ट्या लावलेला आय ७-२६०० हा ८ च्या एका पट्टीवरच्या आय ५-४५७० ला काही कामांत मागे टाकतो. बाजारात फक्त एएमडीवर चालणाऱ्या ८ जीबीच्या स्वस्त पट्ट्याही फिरतात. इंटेलच्या बोर्डावर त्या लावल्या की यंत्र बीप देते किंवा काळा पडदा. १६ जीबी लावून ८ च दिसत असेल तर पट्टी बदलण्याआधी प्रोसेसर काढून सॉकेटमधल्या पिना भिंगाखाली पाहाव्यात. या पिना बोर्डावर असतात. दुकानात प्रोसेसर काढ-घाल करताना एखादी वाकली की मेमरीचे नेमके एक चॅनेल (रस्ता) मरते.

विजेचा हिशेब ९५ वॅट विरुद्ध ८४ वॅट या छापील आकड्यांवरून करू नये. तो आकडा कूलरने किती उष्णता वाहून न्यायची याचा आहे, मीटरवरच्या खपाचा नाही. ऑफिसचे यंत्र दिवसाचा बहुतेक वेळ रिकामे बसलेले असते आणि तिथे हॅस्वेल जास्त काटकसरी आहे. सॉकेटला वॅटमीटर लावून रिकाम्या अवस्थेतले दोन्ही आकडे घ्यावेत. समजा १० वॅटचा फरक आला तर रोज आठ तास आणि वर्षाचे ३०० दिवस धरून एका यंत्रामागे २४ युनिट होतात. घरी एक पीसी असेल तर सोडून द्यावे. वीस यंत्रांची लॅब असेल तर ४८० युनिटांचा विचार करावा.

उष्णतेत मात्र जुना आय ७ बाजी मारतो. सँडी ब्रिजमध्ये चिप आणि वरचे धातूचे झाकण यांच्यामध्ये डाख आहे, हॅस्वेलमध्ये थर्मल पेस्ट. इतक्या वर्षांनी ती आतली पेस्ट सुकलेली असते आणि बाहेरून कितीही चांगली पेस्ट लावली तरी तापमान मनासारखे उतरत नाही. पूर्ण भारावर दहा मिनिटे चालवून एचडब्ल्यूमॉनिटर या सॉफ्टवेअरमध्ये पाहावे. आकडा ९० च्या पार जाऊन वेग पडू लागला तर आधी कूलरचे चारही प्लास्टिकचे पाय बोर्डातून पलीकडे नीट अडकले आहेत का ते बघावे. एक पाय तुटला की कूलर तिरका बसतो आणि एका कोपऱ्यात हवा राहते. झाकण उघडण्याच्या फंदात घरी पडू नये.

एसएमपीएसचा, म्हणजे यंत्राला वीज पुरवणाऱ्या डब्याचा, मुद्दा आय ५ च्या विरुद्ध जातो. ऑप्टिप्लेक्स ९०२० आणि ३०२० मध्ये मदरबोर्डला नेहमीच्या २४ पिनांऐवजी ८ पिनांचा, तर एचपी ८०० जी १ मध्ये ६ पिनांचा कंपनीचा स्वतःचा जोड आहे. एसएमपीएस जळला तर कोपऱ्यावरच्या दुकानातला साधा चालत नाही. कन्व्हर्टर केबल लागते किंवा जुनाच मूळ शोधावा लागतो. असेंबल्ड हॅस्वेलमध्ये वेगळीच तक्रार येते. प्रोसेसर गाढ झोपेच्या सी ६, सी ७ अवस्थेत गेला की १२ व्होल्टच्या वायरवरून इतका कमी प्रवाह लागतो की काही जुने, स्वस्त एसएमपीएस गडबडतात. यंत्र रिकामे असतानाच बंद पडते किंवा झोपेतून उठत नाही. बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, या दोन अवस्था बंद केल्या की तक्रार थांबते, वीज थोडी जास्त जाते.

आता विंडोज. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, घरगुती वापरासाठी मुदतवाढीच्या सुरक्षा अपडेटची मर्यादा १३ ऑक्टोबर २०२६ आहे. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलचे प्रोसेसर, एखाददुसरा अपवाद सोडल्यास, आठव्या जनरेशनपासून सुरू होतात. म्हणजे आय ७-२६०० बसत नाही आणि आय ५-४५७० ही बसत नाही. ‘फोर्थ जनरेशन आहे, विंडोज ११ ओरिजिनल’ असे सांगून विकतात तेव्हा तपासणी चुकवून ते टाकलेले असते. ते चालते, कारण २४एच२ आवृत्तीला लागणारी एसएसई ४.२ आणि पॉपकाउंट या सूचनांची सोय या प्रोसेसरांत आहे. त्याआधीच्या कोअर २ डुओ आणि कोअर २ क्वाडवर ती आवृत्ती सुरूच होत नाही. पण चालणे आणि पाठिंबा असणे वेगळे. पुढचे मोठे अपडेट आपोआप येईलच असे नाही. बँकेची, करभरणाची कामे ज्या यंत्रावर करायची आहेत त्यासाठी एक तर आठव्या जनरेशनपासूनचे घ्यावे, नाही तर या दोघांवर लिनक्स मिंट किंवा डेबियन टाकावे. दोन्हींवर ते सुरळीत चालते आणि मराठी युनिकोड टंकनाची सोय त्यात आयती असते.

सुरक्षेच्या अपडेटमुळे वेग घटतो, तोही दोघांत सारखा नाही. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे प्रोसेसरमधले सुरक्षेचे दोष उघड झाल्यावर विंडोज आणि लिनक्सने मेमरीची विभागणी बदलली. त्यामुळे डिस्क, नेटवर्क, डेटाबेस यांकडे वारंवार जाणारी कामे मंदावली. हा भार हलका करायला मदत करणारी ‘इन्व्ह-पीसीआयडी’ ही सूचना हॅस्वेलपासून आहे, सँडी ब्रिजमध्ये नाही. २०११-१३ च्या काळातले तुलनेचे तक्ते आज जसेच्या तसे का लागू पडत नाहीत याचे हे एक कारण.

म्हणून तुलना करायचीच तर दुकानातच करावी. दोन्ही बॉक्सांत शक्यतो एकच एसएसडी आळीपाळीने लावावी, रॅम सारखी आणि दोन पट्ट्यांत, विंडोजची आवृत्ती एक, पॉवर प्लॅन ‘हाय परफॉर्मन्स’. अपडेट आणि अँटिव्हायरसची तपासणी संपेपर्यंत थांबावे. मग ७-झिपच्या ‘टूल्स’मधले ‘बेंचमार्क’ उघडून थ्रेडचा आकडा आधी १ ठेवून आणि नंतर सगळे देऊन प्रत्येकी तीन वेळा चालवावे, मधला निकाल धरावा. एका थ्रेडला आय ५ आणि सगळ्या थ्रेडना आय ७ पुढे असे चित्र धडधाकट यंत्रांवर साधारण दिसायला हवे. उलटे दिसले तर प्रोसेसरला दोष देण्यापूर्वी बायोसमध्ये टर्बो बंद आहे का, तापमान चढते आहे का हे पाहावे. साटा ‘आयडीई’ या जुन्या मोडवर असेल तर तो ‘एएचसीआय’ करून मगच विंडोज टाकावे. नंतर बदलल्यास निळा पडदा येतो आणि सेफ मोडमधून सुरू करून सावरावे लागते.

खरा प्रोसेसर आहे का हे सीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमध्ये एका मिनिटात कळते. आय ५-४५७० च्या सूचनासंचात एव्हीएक्स २ दिसलेच पाहिजे. झाकणावरचा छाप आय ७-२६०० साठी एसआर००बी, आय ५-४५७० साठी एसआर१४ई. ‘इंटेल कॉन्फिडेन्शियल’ लिहिलेले असेल तर तो चाचणीचा नमुना, विक्रीचा माल नव्हे. शेवटचे अक्षर विसरू नये. आय ५-४५७०टी मध्ये कोअर दोनच आहेत, थ्रेड चार, वेग २.९ गिगाहर्ट्झ. पुस्तकाएवढ्या छोट्या पीसीत बहुधा हाच असतो आणि ‘४५७०’ म्हणून विकला जातो. आय ७-२६००एस चा मूळ वेग २.८ आहे. आय ७-२६००के मध्ये ग्राफिक्स एचडी ३००० आहे, पण व्हर्च्युअल मशीनना थेट हार्डवेअर देणारे व्हीटी-डी काढलेले आहे.

पुढे वाढवायचे असेल तर ११५० वर आय ७-४७७० सरळ बसतो, आय ७-४७९० ला बहुधा बायोस अपडेट लागतो. ११५५ वर तिसऱ्या जनरेशनचा आय ७-३७७० टाकू म्हणणाऱ्यांनी चिपसेट पाहावा. क्यू ६५, क्यू ६७ आणि बी ६५ साठी इंटेलने त्याला मान्यता दिलेली नाही, आणि ऑफिसमधून आलेले बरेच बॉक्स नेमके याच चिपसेटचे असतात.

व्यक्तीपेक्षा संस्थांची फसगत मोठी. वाचनालय, शाळा, पतसंस्था दरपत्रक मागवताना ‘आय ५ किंवा त्याहून वरचा’ एवढेच लिहितात. त्या अटीत सप्टेंबर २००९ चा आय ७-८७० सुद्धा बिनचूक बसतो. त्यात ग्राफिक्स नाही, एव्हीएक्स नाही, एईएसची (माहिती कुलूपबंद करण्याच्या पद्धतीची) हार्डवेअर सोय नाही. पुरवठादाराने खोटे काहीच केलेले नसते. अटच ढिली असते. ‘चौथे जनरेशन किंवा नंतरचे, चार प्रत्यक्ष कोअर, क्यू ८७ किंवा बी ८५ चिपसेट, ४ जीबीच्या दोन पट्ट्या, एसएसडीचे हेल्थ आणि चालू तास क्रिस्टलडिस्कइन्फोमधून दाखवणे बंधनकारक’ एवढे लिहिले तर आलेल्या दरांची खरी तुलना करता येईल.

आपल्याकडे विनंती एवढीच, की संगणकाच्या छोट्या जाहिराती घेताना प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक आणि बॉक्सचे मॉडेल मागून घ्यावे. जागेची अडचण येणार नाही. ‘आय ५-४५७०, ऑप्टिप्लेक्स ९०२०, रॅम ४+४, एसएसडी २५६’ हा मजकूर सध्या छापल्या जाणाऱ्या एका ओळीत आरामात मावतो.

कळावे,

आपला,
संगणक दुरुस्तीच्या व्यवसायातील एक वाचक, पुणे